अडखळण्याची शिकवणी

"सासू बरी होती माझी. एकदाच विचारायची. ही बया तीनतीनदा विचारते."

शेवंताबाई हे कुणाला ऐकवत नव्हत्या. प्रमिलाताई खरमाळ्यांच्या टेबलाला खेटून त्या बाकावर बसल्या होत्या आणि पदराच्या टोकाशी बोलावं तशा पुटपुटत होत्या. सकाळीच त्या आत जाऊन आल्या होत्या आणि खिडकीने त्यांना परत पाठवलं होतं.

"तुम्ही धडाधड बोललात म्हणून," प्रमिलाताई म्हणाल्या. "मी काय सांगितलं होतं? 'काही' म्हणायचं, मग थांबायचं. घास अडकल्यासारखं. मग पुन्हा 'काही होणार नाही'."

"मला थांबताच येत नाही. आयुष्यभर सगळे म्हणाले, लवकर बोल आणि चुलीकडे जा."

प्रमिलाताई हसल्या आणि त्यांनी शेवंताबाईंना पुन्हा पहिल्यापासून म्हणायला लावलं.

सावरखेडच्या दुय्यम निबंधक कार्यालयाच्या आवारात, पत्र्याच्या शेडखाली, प्रमिलाताईंचं टेबल सव्वीस वर्षं एकाच जागी होतं. नवऱ्याचा दस्तलेखकाचा परवाना त्याच्या माघारी त्यांनी परीक्षा देऊन आपल्या नावावर करून घेतला. आधी टंकयंत्र, मग संगणक, आणि आता टेबलावर नुसती पाण्याची बाटली आणि पुठ्ठ्याचा पंखा. दस्त आत आपोआप तयार होत असल्यामुळे लिहायला काही उरलं नव्हतं. तरी 'दस्तलेखक' ही पाटी त्यांनी उतरवली नव्हती. तिच्याखाली स्वतःच्या हाताने 'व मार्गदर्शन' एवढं रंगवून घेतलं होतं.

चार वर्षांपूर्वी नवा कायदा आला तेव्हा सगळ्यांना तो पटला होता. अगदी प्रमिलाताईंनाही. सहीवरून हात हजर होता एवढंच कळतं. माणूस हजर होतं की नाही हे कळत नाही, असं त्या कायद्याचं साधं म्हणणं होतं. त्यामुळे यापुढे कुठलाही दस्त नुसत्या सहीने पक्का होणार नव्हता. सही करणाऱ्याला तो समजला आहे, हे आधी सिद्ध व्हायला हवं. त्यासाठी प्रत्येक तालुक्याच्या कार्यालयात एक समजखिडकी बसली. दिसायला एसटीच्या आरक्षणाच्या खिडकीसारखी, काच आणि समोर स्टूल. काचेपलीकडे कुणीच नसे, फक्त एक आवाज.

हा आवाज आधी तुमचा दस्त तुमच्या बोलीत समजावून सांगे. वकिलाची भाषा नाही, कलमं नाहीत. शेजारीण सांगेल तसं. मग तो गोष्ट फिरवून विचारे. समजा उद्या या शेतातून रस्ता गेला आणि सरकारने भरपाई दिली, तर तुम्हाला त्यातलं काय मिळेल? ज्या बाईला कळलं असेल ती म्हणे, काय मिळणार, मी तर हक्क सोडला ना. जिला कळलं नसेल ती भावाकडे बघे.

पण खरी मेख त्याच्या पुढे होती. उत्तर बरोबर आहे का, एवढ्यावर खिडकी थांबत नसे. ते कसं येतंय हेही ती ऐके. समजून बोलणाऱ्या माणसाला पुढचं वाक्य त्याच क्षणी तयार करावं लागतं, म्हणून तो मध्येच थांबतो, मागे जातो, शब्द बदलतो. पाठ केलेलं वाक्य आधीच तयार असतं. ते घसरगुंडीवरून आल्यासारखं येतं. लाखो माणसांच्या बोलण्यातले हे थांबे खिडकीने मोजले होते. त्यावरून शब्द तुमचे आहेत की कुणी तुमच्या तोंडात घातलेत, ते तिला कळे.

पहिल्या दोन महिन्यांत प्रमिलाताईंनी पढवलेल्या बायका पटापट नापास झाल्या. मग एके दिवशी भाजी निवडताना त्यांच्या लक्षात आलं, की माणूस जर समजल्यामुळे अडखळत असेल, तर अडखळणंच शिकवावं.

ही युक्ती पहिल्यांदा चालली ती त्यांच्या भावजयीच्या, नलिनीच्या तोंडून. नलिनीला तिच्या भावांच्या नावे हक्कसोडपत्र करून द्यायचं होतं. वडील गेल्यावर लेकी आपला वाटा भावांना सोडून देतात, तो कागद. प्रमिलाताईंनी जन्मात सगळ्यात जास्त टाइप केलेला कागद तोच. 'कोणाच्याही दडपणाशिवाय, स्वखुशीने' ही ओळ त्यांच्या बोटांना इतकी सवयीची होती, की डोळे मिटून त्या ती आजही लिहू शकल्या असत्या. सही केली नाही तर काय होईल, या खिडकीच्या शेवटच्या प्रश्नाला नलिनी 'काही' म्हणून थांबली, घास अडकल्यासारखी, आणि खिडकी म्हणाली, समज पुरेशी आहे. त्या दिवसापासून प्रमिलाताईंच्या टेबलाशी पुन्हा बायका दिसू लागल्या.

खिडकीवर मात्र त्यांचा विश्वास कधीच बसला नाही. ती फार गोड बोलायची. बसा आई, लांबून आलात, पाणी प्यालात का. सरकार पाणी विचारायला लागलं की प्रमिलाताईंना पाठीत काहीतरी टोचायचं. सव्वीस वर्षं त्यांनी या इमारतीतली माणसं बघितली होती. गोड बोलणारा प्रत्येक जण काहीतरी काढून घ्यायला आलेला असायचा.

*

दिवाळीला महिना असताना भालू आला. भालचंद्र गाडेकर, प्रमिलाताईंचा पाठचा भाऊ. सोबत नलिनी. दोघांनी टेबलाशी येऊन चहा मागवला, तेव्हाच प्रमिलाताईंना कळलं की काम मोठं आहे. एरवी भालू फोनवरच बोले.

वडिलांची चार एकर लिंबाची बाग भालूकडे होती. तिथे त्याला शीतगृह उभारायचं होतं, लिंबं भाव येईपर्यंत ठेवता यावीत म्हणून. परवानगीसाठी अर्ज केला तर उत्तर आलं, की नव्या कायद्याच्या आधीच्या बारा वर्षांतली सगळी हक्कसोडपत्रं खिडकीकडून पुन्हा तपासून, नव्याने सही करून घ्यायची आहेत. प्रमिलाताईंनी आपलं हक्कसोडपत्र नऊ वर्षांपूर्वी केलं होतं. स्वतःच टाइप करून, स्वतःच सही करून.

"आक्का, तुला तर सगळं पाठच आहे," भालू म्हणाला.

"हो की. वन्संनीच तर मला शिकवलं," नलिनी म्हणाली आणि चहाचा कप खाली ठेवला. तिने तो अर्धाच प्यायला होता.

नियम साधा होता. आठ आठ दिवसांच्या अंतराने तीन संधी. तीनही वेळा समज पुरेशी नाही असं आलं, तर जुना कागद रद्द, आणि वाटा होता तसा परत बहिणीच्या नावावर.

प्रमिलाताई हात पुसत आत गेल्या. बाहेर बाकावर चार बायका होत्या, त्यांना वाटलं बघायला मिळेल, म्हणून त्याही दारापर्यंत आल्या.

खिडकीने पाणी विचारलं. प्रमिलाताईंनी नको म्हटलं. मग रस्त्याचा प्रश्न आला, विहिरीचा आला, भालूच्या पश्चात काय होईल हा आला. प्रमिलाताईंनी अशी उत्तरं दिली की खिडकीनेच त्यांच्याकडून चार गोष्टी शिकाव्यात. शेवटी नेहमीचा प्रश्न आला. "प्रमिलाताई, ही सही तुम्ही केली नाही, तर काय होईल?"

"काही..." त्या थांबल्या. घास अडकल्यासारख्या. "काही होणार नाही. वाटा माझाच राहील, एवढंच."

काचेवर अक्षरं उमटली. समज पुरेशी नाही.

दारातल्या चार बायकांपैकी एकीने तोंडाला पदर लावला. शिपाई चहाची किटली घेऊन चालला होता, तोही थांबला. या आवारातले हजारो कागद ज्या बाईच्या हातून गेले, तिला कागद समजत नाही, असं सरकार लेखी देत होतं.

*

त्या आठवड्यात प्रमिलाताईंनी सगळ्यांवर संशय घेऊन पाहिला.

आधी समोरच्या टेबलावरच्या दस्तलेखक बोराटेवर. शेडमधली एकच जागा दोघांना हवी होती आणि बोराटेचा मेहुणा संगणकाच्या कामात होता. मग संशय आला रुख्साना मुजावर हिच्यावर. खिडकीची देखभाल करणारी ही पंचविशीची मुलगी प्रमिलाताईंच्या शिकवणीकडे चष्म्यावरून बघत जायची आणि कधी काही बोलायची नाही. न बोलणाऱ्या माणसाचं काही सांगता येत नाही. मग खुद्द खिडकीवर. शेड आणि खिडकी यांच्यात एकच भिंत होती. तिला कान असतील तर चार वर्षं तिने प्रत्येक शिकवणी ऐकली असणार.

आणि भालूला संशय येत होता प्रमिलाताईंवर. तो बोलला नाही. पण दर रविवारी यायचा तो फोन आला नाही. बुधवारी नलिनीचा आला. तिने पाणी किती दिवसांनी येतं ते विचारलं, गुडघे कसे आहेत ते विचारलं, आणि ठेवता ठेवता म्हणाली, "वन्सं, हे म्हणत होते, आक्का इतकी हुशार, ती कशी काय नापास होते."

"म्हणजे?"

"म्हणजे काही नाही. त्यांना नवल वाटलं."

प्रमिलाताईंनी फोन ठेवला. नलिनीबद्दल त्यांच्या मनात एक जुनी गाठ होती. भाऊबीजेला प्रमिलाताई गाडेकरांकडे जात, वर्षातला तेवढा एकच दिवस. आणि गेली काही वर्षं त्या दिवशी नलिनी घरातच असे. तिचे दोन भाऊ एका तासाच्या अंतरावर राहत, तरी ती माहेरी जात नसे. भावांच्या दुकानात सणाची गर्दी असते म्हणे. ओटीवर पाट मांडून, निरांजन लावून प्रमिलाताई भावाला ओवाळत, तेव्हा ती खांबाला टेकून उभी असे. प्रमिलाताईंना पक्कं वाटे, की ही आपल्यावर नजर ठेवायला थांबते. नणंद भावाच्या कानात काय सांगेल, याचा पहारा.

तरी तो दिवस त्यांना हवा असे. त्या दिवशी त्यांना कुणी ताई, मॅडम, दस्तलेखक म्हणत नसे. विहिरीवरून येताना लिंबाच्या पानांचा वास हाताला लागे. पानात वाढताना भालू न विचारता साईचा भाग त्यांच्याकडे सरकवे, लहानपणी त्यांनी त्याच्या पानात सरकवलेला असे तसा. नऊ वर्षांपूर्वी सही करताना त्यांच्यासमोर तीच साय होती. कागदावर मात्र 'स्वखुशीने' लिहिलं होतं. स्वतःच टाइप केलं होतं.

दुसऱ्या वेळी त्या आणखी सावध अडखळल्या. खिडकीने आणखी गोड आवाजात तेच सांगितलं.

*

शेवटी त्यांनी रुख्सानालाच गाठलं. जेवणाच्या सुट्टीत ती खिडकीच्या मागच्या खोलीत डबा खात होती.

"खरं सांग. कुणी सांगितलंय का माझं नाव धरून ठेवायला?"

रुख्सानाने डबा बाजूला केला. हात पुसला, पडदा सुरू केला आणि त्यांना खुर्ची दिली. पडद्यावर एकाखाली एक अशा रेघा होत्या, वहीवर ओढल्यासारख्या. प्रत्येक रेघ म्हणजे एक बाई, एक उत्तर. आवाज असेल तिथे रेघ जाड, थांबा असेल तिथे तुटलेली.

"या चारशे अकरा बायका," रुख्साना म्हणाली. "शेवटच्या प्रश्नाची उत्तरं."

चारशे अकरा रेघा एकाच जागी तुटल्या होत्या. वरपासून खालपर्यंत, मधोमध, सरळ भांग पाडल्यासारखी मोकळी पट्टी.

"'काही' म्हणून थांबतात," रुख्साना म्हणाली. "सगळ्या. तेवढाच वेळ. गेल्या महिन्यात खिडकीने स्वतःहून हे ओळखलं. मी काही केलं नाही, ताई."

प्रमिलाताईंनी रेघांच्या कडेची नावं वाचली. सगळ्यात वरची रेघ नलिनीची होती. चारशे अकरांच्या खाली आणखी दोन होत्या, त्यांच्या स्वतःच्या.

"मग मी काय उत्तर दिलं तर चालेल?"

"त्या प्रश्नाला चालणारं, न चालणारं असं उत्तरच नाही. ते तुमचं आहे का, एवढंच ती बघते."

"आणि समजा कुणी खरं सांगितलं तर? की दडपण होतं?"

"तर सही होत नाही. दडपण कुणाचं, ते नाव विचारतात आणि त्याची चौकशी लागते." रुख्सानाने डब्याचं झाकण लावलं. "माझ्या खालाने पण असाच कागद केला होता. तेव्हा खिडकी नव्हती. कुणी विचारलंच नाही तिला."

प्रमिलाताई उठल्या. दारातून वळून त्यांनी विचारलं, हे तिने इतके दिवस का सांगितलं नाही. रुख्साना म्हणाली, तुम्ही मला कधी विचारलं नाही.

म्हणजे कुणी कट केलाच नव्हता. बोराटे निर्दोष, रुख्साना निर्दोष, भिंत बहिरी. चारशे अकरा बायकांच्या घशात एकच घास अडकवणारी बाई एकच होती. प्रमिलाताईंना हसू आलं, आणि हसता हसता ते कुठेतरी भलतीकडेच वळलं, म्हणून त्यांनी बाटलीतलं पाणी तोंडावर मारलं.

शेवंताबाई आजही बाकावर येऊन बसल्या होत्या. जमलं मला थांबायला, असं त्या आनंदाने सांगत होत्या. प्रमिलाताईंनी त्यांना आज घरी जा म्हणून सांगितलं.

*

तिसऱ्या वेळेसाठी त्यांनी नवं उत्तर तयार केलं. त्या कामात त्यांचा हात धरणारं तालुक्यात कुणी नव्हतं. धुणं धुताना, भाजी चिरताना, चार दिवस त्या ते घोळवत होत्या. वडिलांनी लावलेली झाडं भालूने जगवली, दुष्काळात त्याने डोक्यावरून पाणी घातलं, सही नाही केली तर मलाच जेवण गोड लागणार नाही. 'झाडं' या शब्दानंतर थांबायचं. तिथे आजवर कुणीच थांबलं नव्हतं. यातला प्रत्येक शब्द खरा होता. भालूने खरंच पाणी घातलं होतं. एवढ्या खऱ्या शब्दांचं खोटं त्यांनी आजवर कधी बांधलं नव्हतं, आणि ते खिडकीला ओळखू येणार नाही याची त्यांना खात्री होती.

तिसऱ्या संधीला हक्क ज्याला मिळतो त्याच्या घरच्यांनीही हजर राहावं असा नियम होता. भालू आणि नलिनी आले. भालूने नवा शर्ट घातला होता. त्याने आक्काकडे न बघता विचारलं, बरी आहेस ना. प्रमिलाताई म्हणाल्या, बरी आहे. मग नलिनीने त्यांच्या खांद्यावरचा पदर सारखा केला.

"या वेळी नीट होऊ द्या, वन्सं," ती हळूच म्हणाली. "भाऊबीजेला साटोऱ्या करीन म्हणते. तुम्हाला आवडतात ना."

इतकं गोड ती कधी बोलत नसे. प्रमिलाताईंच्या पाठीत नेहमीच्या जागी टोचलं. एखादी बारीकशी धमकी साटोरीत भरून पुढे करावी, तसं ते वाक्य त्यांना लागलं. त्यांनी मान हलवली आणि स्टुलावर जाऊन बसल्या. ते दोघं मागे पिवळ्या पट्ट्यापलीकडे उभे राहिले.

पाणी. रस्ता. विहीर. प्रमिलाताईंनी एकेक उत्तर दिलं. मग शेवटचा प्रश्न.

"प्रमिलाताई, ही सही तुम्ही केली नाही, तर काय होईल?"

"वडिलांनी लावलेली झाडं..." त्या ठरल्या जागी थांबल्या.

आणि पुढचं वाक्य आलं नाही.

ते कुठे हरवलं नव्हतं. त्यांना ते समोर दिसत होतं, अक्षर न् अक्षर, कागदावर टाइप केल्यासारखं. पण जीभ ते उचलेना. चार वर्षं बायकांना अडखळायला शिकवूनही खरी अडखळ आतून अशी असते, हे त्यांना ठाऊक नव्हतं. त्यांच्या घशात चारशे अकरा बायका अडकल्या होत्या आणि त्यांच्यामागून नऊ वर्षांपूर्वीच्या त्या स्वतः, हातात गरम कागद घेऊन.

खिडकीने घाई केली नाही. माणसांना वेळ द्यायचा, असंच तिला बनवलेलं होतं. काचेत प्रमिलाताईंना मागचं प्रतिबिंब दिसत होतं. भालू शर्टाचं बटण चाचपत होता. त्यालाही उत्तर माहीत होतं. या खोलीत ते सगळ्यांना माहीत होतं, बाहेरच्या शिपायालासुद्धा.

"आक्का," भालू हलकेच म्हणाला. "बोल की काहीतरी."



मग काचेत त्यांना दिसलं, की नलिनीने पिवळा पट्टा ओलांडला आहे. सही करणाऱ्याव्यतिरिक्त कुणी बोलू नये, अशी लाल अक्षरं काचेवर लुकलुकायला लागली. ती तिने वाचली आणि तशीच पुढे आली. प्रमिलाताईंच्या स्टुलाशी येऊन उभी राहिली, ओवाळताना खांबाला टेकून उभी राहायची तशी, एक हात मागे धरून. प्रमिलाताईंनी वर बघितलं. नजर ठेवणाऱ्या बाईचा चेहरा इतका दमलेला असतो, हे त्यांच्या कधी लक्षात आलं नव्हतं.

"सांगून टाका, वन्सं," नलिनी म्हणाली. तिचा आवाज चढलेला नव्हता. "सही केली नाही तर आम्ही तुम्हाला घरी बोलावणार नाही. दुसरं काय होणार आहे?"

"नलिनी," भालू म्हणाला.

तिने त्याच्याकडे बघितलं नाही. ती प्रमिलाताईंशीच बोलत होती, आणि आता ती अडखळली, पण शिकवल्या जागी नाही.

"आणि केली तरी... मी केली होती ना. तुम्ही सांगितलं तसं थांबून थांबून सगळं म्हटलं. चार दिवाळ्या झाल्या, वन्सं. माझ्या भावांनी मला एकदाही बोलावलेलं नाही."